खोड कुणी कातलं?

दर दोन-तीन महिन्यांनी मला एक फॉरवर्ड येतो. अमीर खुस्रोने म्हणे एकदा पखवाज मधोमध कापला, दोन्ही तुकडे उभे ठेवले, वर थाप मारली आणि उद्गारला, "तब भी बोला!" झाला तबला. मग आठवड्याभरात दुसरा फॉरवर्ड येतो. त्यात भाज्याच्या लेण्यातला फोटो असतो, एक बाई दोन उभी चर्मवाद्यं वाजवते आहे, शेजारी दुसरी नाचते आहे. खाली ठळक अक्षरात, 'हा बघा दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला, खुस्रोची गोष्ट खोटी!' दोन्ही फॉरवर्ड बऱ्याचदा एकाच ग्रुपवर, एकाच काकांकडून येतात. :)

मला दोन्हींचा कंटाळा येतो, कारण दोन्हींचा प्रश्न एकच आहे: शोध कुणी लावला? म्हणजे एक माणूस, एक दिवस, एक चमत्कार. मी मेकॅनिकलचा इंजिनिअर, पोटासाठी जावा लिहितो. सात वर्षांच्या नोकरीत एका माणसाने एका दिवशी केलेली आणि नंतर कुणी हातही न लावलेली कुठलीही वस्तू मी पाहिलेली नाही. म्हणून या वेळचा वीकएंड या विषयाला.

आधी खुस्रो. तो वारला 1325 साली. त्याच्यानंतर जवळजवळ चारशे वर्षं तबला नावाच्या या जोडीचा ठोस मागमूस लागत नाही. तो लागतो अठराव्या शतकातल्या दिल्लीत, मुहम्मदशाह रंगीला गादीवर होता (1719 ते 1748) त्या सुमारास. 'तब्ल' हा शब्द अरबी, अर्थ साधा, ढोल. 'तब भी बोला'ची व्युत्पत्ती म्हणजे शब्द हातात आल्यावर मागाहून बेतलेली गोष्ट आहे.

भाजे मात्र खरंच बघण्यासारखं आहे. मळवली स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. सगळे लोक मोठ्या चैत्यापाशी फोटो काढून परत फिरतात. पण पार दक्षिणेकडच्या टोकाला एक विहार आहे, तिथे सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत आणि तिथेच ही वाजवणारी बाई आहे. दोन वाद्यं आहेत, उभी आहेत, हे खरं. पण दोन उभी वाद्यं म्हणजे तबला असेल तर मग दोन चाकांची कुठलीही गाडी म्हणजे बुलेट! त्या काळी अशी उभी, आडवी, मांडीशी टेकवलेली वाद्यं एकत्र वाजवत. भरताच्या नाट्यशास्त्रात त्यांना पुष्कर वाद्यं म्हटलंय: अंकिक आडवं, ऊर्ध्वक उभं, आलिंग्य कवेत घेतलेलं.

नाट्यशास्त्रात या वाद्यांच्या जन्माची कथाही आहे, आणि ती मला खुस्रोच्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त आवडते. स्वाती नावाचे मुनी पाणी आणायला तळ्यावर गेले. आभाळ भरून आलेलं. पाऊस सुरू झाला आणि कमळाच्या लहान, मध्यम, मोठ्या पानांवर थेंबांचे वेगवेगळे आवाज यायला लागले. मुनींनी ते लक्षात ठेवले, आश्रमात परतले आणि तसे आवाज देणारी वाद्यं बनवली. आता नीट ऐका: बनवली कुणाच्या मदतीने? विश्वकर्म्याच्या. म्हणजे कल्पना मुनींची, पण घडवायला कारागीरच लागला, हे कथा सांगणाऱ्याने विसरू दिलेलं नाही. पुढच्या दोन हजार वर्षांत ही काळजी फारशी कुणी घेतली नाही.

त्याच ग्रंथात आणखी एक कामाची गोष्ट आहे. वाद्य सुरात लावायला कातड्यावर माती थापायची. कुठलीही नाही, नदीकाठची, मऊ, वाळू-खडे-गवत नसलेली. 'मृदंग' या शब्दातली मृद् म्हणजे तीच माती, मग ती अंगाची असो की तोंडाला फासलेली, पंडित अजून भांडताहेत. आपल्याला लक्षात ठेवायचं ते इतकंच की कातड्याच्या मधोमध वजन ठेवलं की आवाज बदलतो आणि 'गातो', हे तेव्हाच्या लोकांना हाताने कळलेलं होतं.

आता हजारेक वर्षं पुढे, आणि थेट महाराष्ट्रात. देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, काम हिशेबाचं. या हिशेबनीसाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्याय, त्यातला सहावा वाद्यांचा. त्यातला मर्दल या वाद्याचा भाग वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. कारण ते काव्य नाही, स्पेसिफिकेशन आहे. लाकूड बिजाच्या झाडाचं, निर्दोष हवं. भिंतीची जाडी अर्धं अंगुळ. लांबी 21 अंगुळं. डावं तोंड 14 अंगुळं, उजवं 13. आणि तोंडावर लावायला शिजवलेला भात आणि राख एकत्र मळून केलेला लेप.

बघा हं. माती गेली, भात आणि राख आली. डावं तोंड मोठं, उजवं लहान, हे तर आजच्या पखवाजातही तसंच आहे. आणि लाकडाचं नाव स्पष्ट. बीज म्हणजे आपला बिबळा, काही भागात बिवळा म्हणतात. तुम्ही हे लाकूड पाहिलंय, खात्री आहे माझी. प्रदर्शनांमध्ये मधुमेहावर म्हणून लाकडी पेला विकतात ना, रात्रभर पाणी ठेवा आणि सकाळी प्या वाला, विजयसारचा? तोच हा. देवगिरीत ज्याचा मर्दल व्हायचा त्याचा आता ग्लास होतो.

ही मापं शार्ङ्गदेवाने स्वतः काढली असतील असं मला वाटत नाही. हिशेबाचा माणूस, तो कुठे वाकस घेऊन बसणार? कुणातरी घडवणाऱ्याला त्याने विचारलं असणार, किंवा आधी कुणी विचारून लिहिलेलं उतरवलं असणार. अर्धं अंगुळ जाडी हा आकडा लाकूड फुटल्याशिवाय कुणाला कळत नाही.

तबल्याकडे परत येतो, पण भरभर, कारण हा भाग कुठेही वाचायला मिळतो. दिल्लीत ख्याल रुळला, त्याला पखवाजाची जाड, घुमणारी थाप जड होऊ लागली. बोटांचं काम वाढलं. दोन तोंडांची दोन वाद्यं झाली. उजवं लाकडाचं राहिलं, डावं मातीचं किंवा तांब्या-पितळेचं झालं. पंजाबात मात्र डावाही बराच काळ लाकडी होता, त्याला धामा म्हणत आणि पखवाजासारखी कणीक लावत. पखवाज ध्रुपदाकडे, देवळाकडे आणि आपल्याकडे कीर्तन-भजनाकडे राहिला. आपल्याकडचं मोठं नाव नाना पानसे. मूळ वाईजवळच्या बावधनचे, काशीला जोधसिंगांकडे शिकले, इंदूरला होळकर दरबारी राहिले, आणि त्यांच्या शिष्यांनी महाराष्ट्रभर पखवाज पोचवला. घराण्याला नाव त्यांचं. त्यांचा पखवाज कुणी घडवला होता? मला कुठेही वाचायला मिळालेलं नाही.

आता माझा लाडका भाग. कंटाळा येणार असेल तर एक परिच्छेद सोडा, पण सोडू नका.

थर्ड इयरला व्हायब्रेशन्स विषयात गोल ताणलेल्या पडद्याचं गणित असतं, बेसेल फंक्शनवालं. त्याचं उत्तर असं की साध्या ढोलाचा मूळ स्वर 1 धरला तर त्याच्या वरचे स्वर 1.59, 2.14, 2.30, 2.65 असे वाकडेतिकडे येतात. तारेचे कसे 2, 3, 4, 5 असे सरळ पटीत येतात, म्हणून सतार गाते. ढोल गात नाही, नुसता वाजतो. जगातल्या बहुतेक ढोलांचं हेच. 1920 मध्ये कोलकात्याहून सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर'मध्ये छोटं टिपण छापलं की भारतीय मृदंग आणि तबला हा नियम पाळत नाहीत, त्यांचे स्वर तारेसारखे पटीत येतात. 1934 मध्ये रामन यांनी बंगलोरहून त्यावर सविस्तर निबंध लिहिला. तोवर नोबेलही मिळून चार वर्षं झाली होती, तरी गडी तबल्यावर बारीक वाळू भुरभुरवून तिच्या आकृत्या बघत बसला होता. निष्कर्ष असा: कातड्याची सुरुवातीची नऊ प्रकारची कंपनं मधल्या शाईमुळे मिळून पाचच गटांत येऊन बसतात, 1, 2, 3, 4, 5. शाईचं वजन, तिचा घेर, मध्याकडून कडेकडे कमी होत जाणारी जाडी, कडेच्या चाटेचं दुसरं कातडं, सगळं नेमकं जमलं तरच.

ही शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची खळ. एकदम थापत नाहीत. पातळ थर लावायचा, गुळगुळीत दगडाने घासायचा, मग त्याहून थोडा लहान थर, पुन्हा घासायचा. घासताना वाळत्या शाईला केसाएवढे तडे जातात. हे तडे दोष नाहीत, तेच हवे असतात. अखंड, कडक चकती असती तर कातडं हललंच नसतं; तड्यांमुळे शाई जड राहते आणि तरी लवचिक राहते. हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर ऑफिसात प्रत्येकाला सांगत सुटलो होतो, लोक लांबून जायला लागले.

आणि लाकूड? लाकडाने करायचं काय, तर काहीच नाही! न हलता बसायचं. खोड जड आणि घट्ट असेल तर थापेची ताकद भिंती हलवण्यात वाया जात नाही, कातड्यातच राहते, नाद लांबतो. म्हणून हलक्या लाकडाचा तबला 'ठक्क' करतो आणि शिसमाचा किंवा खैराचा 'ना' पाण्यासारखा पसरतो. तबल्याचं खोड आरपार पोकळ नसतं, तळाशी भरीव ठेवतात. पखवाजाचं आरपार कोरतात, बाहेरून लेथवर कातलं तरी आतलं कोरणं हाताच्या अंदाजाचंच.

माती, मग भात-राख, मग भात-लोखंड. रामनच्या गणितापर्यंत पोचायला दीडेक हजार वर्षं लागली आणि वाटेत एकही समीकरण नव्हतं. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी, कोणत्या तारखेला बदलली याची नोंद असते; बग निघाला की नाव समोर. इथे एवढं अफाट काम झालं आणि नोंदीचा रकाना पूर्ण रिकामा.

हा रिकामा रकाना मला प्रत्यक्ष भेटला तो गव्हाणमध्ये. मी राहतो उलव्यात, भाड्याने, सोळाव्या मजल्यावर. नकाशावर उलवे म्हणजे सेक्टरचे नंबर, पण त्या नंबरांच्या खाली आणि मधे जुनी गावं आहेत. सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, या पट्ट्यातली शेतं आणि मिठागरं तिच्याकडे गेली. आता एका बाजूला अटल सेतू (जानेवारी 2024 पासून), दुसऱ्या बाजूला विमानतळ. गव्हाण त्यातलंच, पनवेल तालुक्यातलं. जमीन गेली पण भजन गेलं नाही. एकादशीला आणि सप्त्यात गावातून पखवाजाचा आवाज येतो आणि सोळाव्या मजल्यावर डग्ग्याची नाही तर कणकेची 'धूम' ऐकू येते, हा फरक मला आता कानाने कळतो.

गेल्या वर्षी सप्त्यात ओळख काढून तिथल्या एका पखवाजवादक मामांना भेटलो. सत्तरी ओलांडलेली. पखवाज जुना, काळपट, हाताच्या जागी लाकूड गुळगुळीत झालेलं, एका टोकाला तडा आणि त्यावर तांब्याची पट्टी. मी विचारलं, केवढा जुना? "यो आमच्या आज्याचा हाय," मामा म्हणाले. मग कोण कोण वाजवत होतं ती यादी सुरू झाली. आजा, आज्याचे गुरू, ते कुठल्या गावचे, मग थोरला काका, तो डाव्या हाताचा कसा होता, मग वडील, मग मधे पाच वर्षं उसना दिलेला तो कुणाला, मग मामा स्वतः. शंभर वर्षांचा हिशेब तोंडपाठ. कोणत्या साली कुठल्या गावच्या सप्त्यात पुडी फाटली हेसुद्धा.

मग मी विचारलं, बनवला कुणी?

मामा थांबले. काकूंकडे बघितलं. "मुंबयशी आनलाता बहुतेक," म्हणाले. "नाय तर मिरजचा आसंल."

लाकूड कोणतं, हे मात्र त्यांनी चटकन सांगितलं. खैर.

खैर म्हटल्यावर मला गप्प बसवेना, कारण या जिल्ह्यात खैराचा स्वतःचा इतिहास आहे. खैराचं लाकूड उकळून विड्याचा कात काढतात, आणि कात काढणारे म्हणून कातकरी. रायगडातली ही जमात, जिच्या नावातच झाड आहे. 1878 च्या वनकायद्याने जंगलं सरकारी झाली आणि कातकऱ्यांचा कातच हातून गेला. इथून जवळच्या चिरनेरला, अक्कादेवीच्या रानात 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला. मागणी काय, तर पिढ्यानपिढ्या आपलं मानलेल्या रानातून लाकूड-गवत घेऊ द्या. पोलिसांनी गोळ्या घातल्या, गावकरी मेले, मामलेदारही मारला गेला. स्वातंत्र्यानंतरही खैर, साग, आंबा, फणस अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, त्यासाठी महाराष्ट्राचा 1964 चा कायदा आहे. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, नसता तर आज एक खैर दिसला नसता. पण मामांच्या आज्याच्या काळात पखवाज करणाऱ्याला चांगलं खोड डोळ्यांनी बघून निवडता येत असेल. आता वखारीत जे येईल ते. तबल्याचं शिसम तर बहुतेक उत्तरेकडूनच येतं. त्यावरही 2 जानेवारी 2017 पासून शिसमाच्या सगळ्या जातीकुळीला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आणलं, कारण चीनमधल्या फर्निचरसाठी जगभरच्या शिसम-रोझवूडची कत्तल चालली होती. त्यात परदेशी जाणारे तबलेही अडकले. तयार वाद्यांना सूट मिळाली ती 2019 च्या नोव्हेंबरमध्ये. गुन्हा पलंगांचा, कागदपत्रं तबल्याची.

पण लाकडापेक्षा मोठं कारण कातडं आहे असं मला वाटतं, आणि हे बोलायला आपण कचरतो. तबला-पखवाज करणारा माणूस सुतार नाही आणि चांभार नाही, दोन्ही आहे. बकऱ्याची पुडी, म्हशीच्या कातड्याची वादी, गजरा विणायचा, गठ्ठे ठोकायचे. वाद्य पूजेला बसतं, त्यावर हळदकुंकू वाहतात, पण ज्याने कातडं कमावलं, ताणलं, कापलं त्याला गाभाऱ्यात कुणी बोलावलं नाही. टी. एम. कृष्णा यांनी दक्षिणेतल्या मृदंगम घडवणाऱ्यांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक 2020 मध्ये लिहिलं. फणसाची खोडं, गायीची आणि बकऱ्याची कातडी, आणि ती हाताळणारी दलित ख्रिस्ती घराणी, ज्यांच्या सूचनांवर थोर थोर वादकांचे नाद उभे राहिले. त्याच्या प्रकाशनाला आधी दिलेला हॉल ऐनवेळी नाकारला गेला. आपल्याकडे असं पुस्तक नाही, म्हणून वादही नाही!

मिरजेचंच बघा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, योग्यच झालं. ती घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारं घडवणाऱ्यांची. त्यांची नावं माहीत आहेत, दुकानांवर पाट्या आहेत, वाद्यावर सही असते. त्याच गावातून तबले-पखवाजही महाराष्ट्रभर गेले. मामा 'मिरजचा आसंल' म्हणाले ते उगाच नाही. पण तार लावणाऱ्याचं नाव राहिलं, कातडं लावणाऱ्याच्या गावाचं तेवढं राहिलं.

डिसेंबर 2024 मध्ये झाकीर हुसेन गेले तेव्हा पेपरात एक वेगळी बातमी आली होती, तुम्ही वाचली असेल. हरिदास व्हटकर यांची. मूळचे मिरजेचे, मुंबईत काम, दोन दशकांहून जास्त काळ झाकीरभाईंचे तबले घडवणारे आणि सांभाळणारे, आणि त्याआधी अल्लारखांसाठीही केलेले. मी झाकीरभाईंना दोनदा प्रत्यक्ष ऐकलं होतं आणि हे नाव मला त्या दिवशी कळलं. दोन्ही वेळा माझ्यासमोर जे वाजलं त्यातलं अर्धं काम या माणसाच्या हातचं असू शकतं. तिकिटावर अर्थातच ते छापलेलं नव्हतं.

नवीन पखवाजांना आता वाद्यांऐवजी नटबोल्ट येतात, फायबरची खोडंही निघाली आहेत. पावसात ताण उतरत नाही, पाना घेऊन पाच मिनिटांत सूर लागतो. मी इंजिनिअर असल्यामुळे मला नटबोल्टची चेष्टा करता येत नाही, दमट उरण-पनवेल पट्ट्यात तर अजिबातच नाही. मामा मात्र फायबरवाल्याला 'पिंप' म्हणतात.

त्यांचा खैराचा पखवाज आषाढीच्या आधी पुडी बदलायला काढायचाय. दोन्ही तोंडं उतरली की खोड आरपार रिकामं दिसतं. मी सांगून ठेवलंय, त्या दिवशी मला फोन करा, सुट्टी टाकून येतो. बाहेरून शंभर वर्षांच्या हातांनी सगळं गुळगुळीत केलंय, पण आत कुणाचा हात गेलेला नाही. पटाशीचे घाव असतील तर ते तसेच असणार, डावखुरा होता की उजवा एवढं तरी कळेल. टॉर्च मी नेणार आहे.